चांगलंच कानावर पडावं

२ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. तू पाठवलेला कानात घालायचा मणी पोचला. डबी उघडली तेव्हा वाटलं, घाईत कोटाचं बटण पाठवलंस की काय. तुझ्या कारखान्यात एवढीशी वस्तू करायला एवढी माणसं लागतात हे खरं वाटेना.

नवं अवजार हातात घेताना मी डोळे मिटून देवाशी दोन शब्द बोलतो, हे तुला माहीत आहे. मोठी करवत बसवली तेव्हाही बोललो होतो. बोटं शाबूत आहेत. कान गेले, पण कानांचं मी मागायलाच विसरलो होतो. या वेळी मणी कानात घालून आधी कानांचंच मागितलं. मागून झाल्याबरोबर मण्यातून टिंग असा बारीक आवाज आला. मला तो शुभशकुन वाटला.

मग कामाला लागलो, आणि काय सांगू? फळीवरून रंधा फिरवला तर ती कुजबुजते. इतकी वर्षं मी तिला नुसतं हातानेच ओळखत होतो. साग वेगळा बोलतो, चिडाचं लाकूड वेगळं बोलतं. नळ ठिबकत होता तो ऐकत अर्धा तास उभा राहिलो, मग दुरुस्त केला. तुझी वहिनी स्वयंपाकघरात काम करताना गुणगुणते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन आत्ता कळलं. सूर बरा आहे.

आणि आणखी एक, पण हसू नकोस. तुझी वहिनी फार गोड बोलते. मी आपला समजत होतो की ती कायम माझ्यावर तडकलेली असते. आता ऐकतो तर, "अहो, जेवायला या, निवांत या, निवणार नाही काही." पाय न पुसता आत आलो तर म्हणते, "आलात का, बसा." मला लाज वाटली. बिचारी बोलत होती साखर आणि मी तिच्या ओठांवरून वाचत होतो मिरची. गिऱ्हाइकांचंही तसंच. बेकरीवाला परवा खास येऊन नव्या दाराचं कौतुक करून गेला. माणसं मुळात चांगली असतात, चिंगे. आपल्यालाच नीट ऐकू येत नसतं.

तुझा,
दादा


११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि रंध्याच्या ओळींपाशी डोळ्यांत पाणी आलं. शेजारचीला दाखवलं. ती दिवसभर मण्यांची झाकणं तपासते, आपण नेमकं काय करतो हे तिला बहुतेक आजच कळलं.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. हा मणी नुसता आवाज मोठा करत नाही. तुझ्यासारख्या कानांना मोठा आवाज देऊन उपयोग नसतो, नुसता गोंगाट वाढतो. म्हणून समोरचा बोलला की मणी ते समजून घेतो, लगेच नव्याने घडवतो आणि त्याच्याच आवाजात तुझ्या कानात सोडतो. परक्या भाषेतलं असेल तर आपल्या भाषेत करून सोडतो. माणूस बोलण्यात आणि तू ऐकण्यात पापणी लवण्याएवढाही वेळ जात नाही. आमचे साहेब याला चमत्कार म्हणतात. मी म्हणते चमत्कार असता तर आम्हाला रविवारी बोलावलं नसतं.

वहिनी गोड बोलते हे वाचून मी पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, दुसऱ्या कोणाचं आलं का म्हणून. मग विचार केला, बरोबर आहे. आता तिला ओरडावं लागत नाही. घसा मोकळा झाला की माणूसही मोकळं होत असेल. तिला माझा नमस्कार सांग. ती काय म्हणाली तेही कळव.

तुझी,
चिंगी


२६ फेब्रुवारी

नणंदबाई,

फोन केला असता, पण आता तुझ्या दादांना ऐकू येतं. म्हणून ते घरामागच्या लाकडाच्या कारखान्यात असताना लिहिते आहे. माझं अक्षर नीट दिसत नसेल तर मलाही दिसत नाही, तेव्हा हिशेब बरोबर.

तुझ्या दादांना काहीतरी झालंय. मी बोलले की हसतात. साधंसुधं नाही, संतासारखं हसतात. चिखलाचे पाय घेऊन आत आले, मी म्हटलं, "या, या, शेतच घेऊन आलात, आता नांगरही आणा." तर म्हणाले, "हो, बसतो." मी म्हटलं, "लाकडात राहून लाकूड झालात." तर म्हणाले, "तुझंही बरं असो." पूर्वी मी एक बोलले की हे दोन बोलायचे, मग मी चार. त्यात संसार झाला, पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं. आता मी भिंतीशी भांडते. भिंत निदान हसत नाही.

बेकरीवाला मागे एकदा तावातावाने आला. नवं दार अडकतं, दोन गिऱ्हाइकं आत कोंडली गेली, शेवटी खिडकीतून बाहेर काढली. तो ओरडतोय आणि हे हात जोडून म्हणतात, "तुमचा लोभ असू द्या." तो इतका गोंधळला की जाताना मला विचारून गेला, घरी सगळं ठीक आहे ना.

आता खरं सांगते. माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू होता. मी यांना म्हटलं, "उद्या डोळा कापून घ्यायला चाललेय. तुम्ही नका येऊ, लाकडं एकटी राहायची नाहीत. आंधळी झाले तर तुम्हालाच सुटल्यासारखं होईल." असं बोलले की हे चिडतात, आणि चिडून सोबत येतात. आमचं असंच आहे, तुला माहीत आहे. तर हे फळी मापत होते. मान वर न करता म्हणाले, "छान. सावकाश जाऊन ये."

मी एकटी गेले, एकटी आले.

पूर्वी ऐकू येत नव्हतं तेव्हा माझ्या तोंडाकडे तरी बघायचे. महत्त्वाचं असलं तर मी पाटीवर लिहून समोर धरायची. ती पाटी त्यांनी मणी आला त्याच दिवशी डुगडुगत्या कपाटाखाली सरकवली. आता ऐकू येतं, म्हणून बघतच नाहीत.

उजव्या डोळ्याचं काम अवघड आहे. आतला पडदा सुटत चाललाय. पुढच्या महिन्याच्या अखेरीला करायचं ठरलंय. नंतर डोळा हलू नये म्हणून दोन्ही डोळे बांधून ठेवणार, सोबतीला माणूस हवं म्हणाले. मी शेजारणीला सांगून ठेवलंय. यांना सांगून काय, "छान" म्हणतील.

मी लिहिलं हे त्यांना कळू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी


४ मार्च

प्रिय दादा,

मला वहिनीने काहीही लिहिलेलं नाही. सहज एक गोष्ट विचारते.

मणी पहिल्यांदा कानात घातल्यावर तू देवाशी नेमकं काय बोललास? शब्द न् शब्द आठव. मी कारखान्यात मण्याची माहिती पुन्हा वाचून काढली. पहिल्यांदा घातल्यावर तो वापरणाऱ्याच्या तोंडून ऐकू पाहतो की याला काय कसं ऐकायचंय. ते ऐकून त्याला समजलं की टिंग वाजतं. लोक साधारणपणे म्हणतात, "आवाज थोडा मोठा कर," किंवा "रस्त्याचा गोंगाट कमी कर." तू काय म्हणालास?

दुसरं. वहिनीसमोर उभा राहा आणि तिला म्हण, मला चांगलं सणसणीत काहीतरी बोल. एकदा मणी घालून ऐक. मग मणी काढ आणि पूर्वीसारखं तिच्या तोंडाकडे बघ. दोन्हीत काय फरक पडतो ते मला कळव. पण आधी तिच्याशी बोल, मला नंतर कळवलंस तरी चालेल.

बेकरीवाल्याचं दारही एकदा बघून ये. हेही मला कोणी सांगितलेलं नाही.

तुझी,
चिंगी


१२ मार्च

प्रिय चिंगी,

तुला खोटं बोलता येत नाही. लहानपणीही येत नव्हतं, आधी कान लाल व्हायचे. कागदावरही झालेले दिसले.

तू सांगितलंस तसं केलं. तुझी वहिनी भांडी पुसत होती. मी म्हटलं, "मला काहीतरी सणसणीत बोल." मण्यातून तिच्याच आवाजात ऐकू आलं, "का हो, काही हवं आहे का?" मी मणी काढला, तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, "आता तेच पुन्हा बोल." तिचे ओठ कितीतरी वेळ हलत होते. 'काही हवं आहे का' म्हणायला एवढा वेळ लागत नाही. इतक्या भराभर बोलली की सगळं टिपता येईना, म्हणून कपाटाखालून पाटी ओढली, तर कपाट कलंडलं आणि वरच्या फळीवरचे कप एकामागून एक खाली आले. ती त्यावरही बोलली. मग पाटीवर लिहिलं, "आता टोमणेसुद्धा मागून घ्यायची वेळ आली? एवढे दिवस फुकट दिले ते कुठे सांडले?"

मी काय मागितलं होतं ते सांगतो. "देवा, या कानांवर चांगलंच पडू दे. कोणाचा कडू शब्द आत येऊ नये." आणि टिंग.

चिंगे, मी रोज हात जोडणारा माणूस. आजवर देवाकडे कितीतरी गोष्टी मागितल्या, त्यातल्या फारच थोड्या मिळाल्या. न मिळालेल्यांचा पूर्वी राग यायचा. आता वाटतं, मागितलेलं सगळं देत नाही यालाच कृपा म्हणत असावेत. तुमच्या मण्याने मी मागितलं ते जसंच्या तसं दिलं. गाठी काढायला रंधा मारावा, आणि मारता मारता फळीच संपावी, तसं झालं. गोड तेवढं उरलं, आणि तिचं म्हणणं भुशात गेलं.

तिच्या डोळ्याचं मला कळलं. तिनेच पाटीवर लिहिलं, तेही अर्ध्यावर पुसून टाकलं. मला आठवतं, ती डोळा बांधून दवाखान्यातून आली त्या दिवशी मी विचारलं होतं की डोळ्याला काय झालं. उत्तर आलं होतं, "औषध घातलंय, तुम्ही काळजी करू नका." खरं ती काय बोलली होती कोण जाणे. पण मण्याला तरी किती दोष देऊ? तो कानात होता. डोळ्यांवर कोणी काही बांधलं नव्हतं. ऐकू यायला लागलं तसं मी तिच्याकडे बघायचं सोडून दिलं, एवढं खरं.

आता ती भांडतसुद्धा नाही. गप्प आहे. मणी असो नसो, शांतताच ऐकू येते. पुढच्या ऑपरेशनला शेजारीण जाणार म्हणते. मी म्हटलं मी येतो. तिने पाटीवर लिहिलं, "छान. सावकाश या."

बेकरीवाल्याचं दार तासून दिलं. मणी न घालता गेलो होतो. त्याने तोंड भरून शिव्या दिल्या, मी सगळ्या त्याच्या तोंडावरून वाचल्या. एकदोन नव्या होत्या.

मणी त्याच्याच भट्टीत टाकावा म्हणतो. तुला वाईट वाटणार नसेल तर.

तुझा,
दादा


१८ मार्च

प्रिय दादा,

भट्टीत टाकलास तर मी स्वतः येऊन तुला आत टाकेन. आधी नीट वाच.

तुझी गोष्ट मी साहेबांना सांगितली, नाव गाव न सांगता. मला वाटलं घाबरतील. ते खुर्चीतून उठलेच. "अगं, हे तर विकता येईल. घराघरात शांतता." मी म्हटलं, "शांतता स्मशानातही असते, साहेब." त्यांना ते पटलं नाही. त्यांनी तसा एक मणी तयार करवून घेतला आणि स्वतः दिवसभर घालून बसले. सगळे आपल्या बाजूने आहेत असं वाटून त्यांनी हिशेबनीसाच्या एका नकाराला होकार समजून सही केली, आणि घरून आलेल्या फोनवर म्हणाले, "मलाही आनंद झाला." तो फोन त्यांच्या सासूबाई पडल्याचा होता. सुदैवाने नुसता पाय मुरगळला. दुसऱ्या दिवशी साहेब घरून उशिरा आले आणि म्हणाले, "ते शांततेचं राहू दे." आता असं काही मागितलं तर मण्याने आधी उलट विचारायचं, खात्री करायची, असं ठरलंय. ते काम माझ्याकडे आलंय. म्हणजे पुन्हा रविवार गेला.

तुझ्या मण्याला मात्र तूच नव्याने सांगायचं आहे. कानात घाल, मागच्या बाजूला दाबून धर, आणि साध्या शब्दांत सांग की जे जसं बोललं जाईल तसंच ऐकव. टिंग वाजेपर्यंत थांब. आणि यापुढे प्रार्थना मणी काढून करत जा. देव समजून घेतो. हा नुसता ऐकतो.

मणी का टाकू नकोस ते सांगते. ऑपरेशननंतर वहिनीचे दोन्ही डोळे बांधलेले असतील. तिला पाटीवर लिहिता येणार नाही, तुला रात्री ओठ वाचायचे तर दिवा हवा, आणि तिला पाणी हवंय की दुखतंय की कोणी हात धरायला हवाय, हे ती बोलूनच सांगणार. ते तुला ऐकू आलं पाहिजे. त्यासाठीच तर मी तो पाठवला होता.

शेजारीण कितीही चांगली असली तरी तिला वहिनीचं बोलणं कळायचं नाही. त्यातलं किती खरं आणि किती नुसती फोडणी, हे तुलाच ठाऊक. तिने नको म्हटलं तरी जा. ती नको म्हणते म्हणजे काय, हे मी तुला शिकवायचं का?

तुझी,
चिंगी


३१ मार्च

नणंदबाई,

अक्षर तुझ्या दादांचं आहे, बोलणं माझं. मी उताणी पडलेय, डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा. मी सांगते आणि हे लिहितात. मी बजावलंय की एक शब्द गाळायचा नाही, गुळगुळीत करायचा नाही. केलाच तर मला दिसणार नाही, म्हणून तू जपून वाच आणि काही फार गोड दिसलं तर मला कळव.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात पडदा बसला. मी म्हटलं तुमच्या तोंडात साखर पडो, पण पट्टी निघाल्यावर बघू.

शेजारणीला मी सकाळी बोलावलं होतं. ती आली तर हे दाराशी पिशवी घेऊन उभे. मी म्हटलं, "तुम्ही कशाला? तिथे रंधा मारायला काही नाही." तर म्हणाले, "तुझं डोकं आहे." आता सांग, आजारी बाईशी हे बोलणं आहे? शेजारीण कानकोंडी होऊन निघून गेली. मला मात्र बरं वाटलं. हे लिहू नका. लिहिलंत? खोडा. (खोडणार नाही. शब्द गाळायचा नाही असं ठरलंय. - दादा)

हे पाणी पाजताना अर्धं मानेवर सांडतात. लिहा. दरवाजे बसवायचे हात आहेत, पेला धरायचे नाहीत. यांची पेन्सिल खरडते, बाजूच्या खाटेवरच्या आजीबाईंची झोप मोडतेय. आणि सकाळपासून हे सारखे विचारतात, "दुखतंय का?" मी म्हटलं, दुखेल तेव्हा सांगेन, तोवर तुम्ही दुखवू नका.

(चिंगे, इथे मला लिहू दे. तासाभरापूर्वी नर्स आली होती. ही माझ्यावर तोंड सोडून होती. चादर नीट नाही, खिडकी उघडी आहे, मी घोरतो, माझ्या आईकडून घोरणं आलंय. मणी सगळं जसंच्या तसं ऐकवत होता, एकही काटा मोडलेला नव्हता. नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "काका, त्या इतक्या कशाला चिडल्यात?" मी म्हटलं, "चिडली नाही. घाबरलीय." आणि परत येऊन तिचा हात धरला. मग चादर आपोआप नीट झाली.)

काय खुसपुसत लिहिताय? पेन्सिल फार वेळ चालली. नर्सला काय सांगितलंत ते मी ऐकलंय, माझे डोळे बांधलेत, कान नाहीत. बरोबर सांगितलंत, पण लोकांना सांगायची गरज नव्हती.

पोरीचा फोन येऊन गेला. तिला म्हटलं, तुझे बाबा इथेच आहेत. ती म्हणाली, "मग भांडताय ना?" मी म्हटलं, "हो." "मग मी निवांत झोपते," म्हणाली.

बरं, आता शेवटचं लिहा. पहिल्या डोळ्याच्या वेळी मी सारखी दाराकडे बघत होते. या वेळी काही दिसत नाही, तरी भीती वाटली नाही. हे जवळ असले की मला बरं वाटतं. झालं. लिहिलंत?

(नव्हतं लिहिलं. मी म्हटलं, "थांब, मणी पुन्हा बिघडला." मणी काढून खिशात ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि तिच्या तोंडाकडे बघत म्हटलं, "आता पुन्हा सांग." मणी काढला हे तिला चाहुलीवरून कळलं होतं. त्यामुळे तिने ते इतक्या जोरात ओरडून सांगितलं की आजीबाई उठून बसल्या आणि दारातून नर्स डोकावली. शब्द न् शब्द तोच होता. म्हणून वर लिहिला.)